यंदाचा बहर माझा

— हो, नवी साडीच भरलीय बॅगेत. अशा डोळे वटारू नका आई, मान सरळ ठेवा, विंचरू दे नीट. सांगते ना कुठे निघालेय! चेरीचा बहर बघायला, वर डोंगरात. मी. एकटी. दरवर्षी तुमचे दोन्ही मुलगे, धाकटी जाऊबाई, सगळं लटांबर निघतं आणि मागे कोण राहतं? मी! का? तर पहिल्याच वर्षी तुम्ही म्हणालात, "थोरली थांबेल माझ्यापाशी." तेव्हा तर तुम्ही चांगल्या धडधाकट, दोन-दोन पायऱ्या चढायच्या एकदम — आता अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, पण तुमचा शब्द मात्र घरात तसाच.

आणि गंमत बघा, मला न्यायचं नाही, पण बेत आखायचा मीच! खोल्या मीच ठरवायच्या, तिथल्या लॉजच्या मॅनेजरला फोन मीच करायचा — थंडी सरली का, कळ्यांची टोकं गुलाबी झाली का — कारण बहर टिकतो किती? जेमतेम आठवडा, जोराचा पाऊस आला तर तेवढाही नाही. यंदा थंडी लवकर सरली. मॅनेजर म्हणाला, "ताई, याच आठवड्यात या." म्हटलं, येते! आणि ह्या सगळ्यांच्या खोल्या? त्या घेतल्यात पुढच्या पंधरवड्यातल्या. पाला बघतील, नुसता पाला! धाकटीने फोटोंसाठी टोपी घेतलीय म्हणे — घालू दे, पाल्याखाली उभी राहू दे. जीव थंड होईल माझा, खोटं कशाला बोलू?

तोवर तुमचं कोण करणार? धाकटी. चहाला म्हणून बोलावलंय तिला. कुशीवर वळवू दे, डायपर बदलू दे, भरवू दे — माझ्या अंगावर थुंकता तशा तिच्याही थुंका, लाजू नका. तुमच्या थोरल्याला सांगितलं का? छे! तुम्हाला तेवढं सांगितलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार?

बेल वाजली. आलीच बघा — अहो, मनगट सोडा. ह्या चांगल्या हाताला जोर फार तुमच्या. रडायला काय झालं? येणार आहे मी परत. नाही? मग काय? बॅगेकडे काय बघताय सारख्या — तुम्हाला यायचंय?

...खरंच की. तुम्हीही कधी गेला नाहीत. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, होय ना? म्हणून मला धरून ठेवलंत सोबतीला.

नाही. आता नाही. सोडा आई. सोडा म्हणते ना!