सुनेचा गुप्त प्रश्न

आमची सून विद्यापीठाच्या वेबसाइटचा पासवर्ड विसरली तवाची गंमत सांगतो. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तिनं विद्यापीठात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, तुम्हीच ठेवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर सांगा, मग खातं उघडतो. सून माझ्याकडं बघून गप्प.

"सांग की, तोंड शिवलंय का?"

"आबा, सासऱ्याचं नाव कसं घेऊ?"

मग मीच फोन हिसकला. "लिहा, किसन. आन् प्रश्न काय हाय व्हो?"

तो अडखळला. "घरातला सगळ्यात खडूस माणूस कोण? उत्तर बरोबर आहे, खातं उघडलं. पण आबा, हे गुप्त ठेवायचं असतं."

म्हणलं, "साहेब, आमच्या मांडवगण गावात कुणालाबी इचारा. ह्यात गुप्त काय हाय?"