चिकूचं ऑपरेशन

बीडच्या जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. बाकावर चौसाळ्याच्या चंद्रभागाबाई, मांडीवर पांढरा पॉमेरियन. शेजारी शेळी धरून गहिनीनाथ.

"काय झालं कुत्र्याला, मावशी?" गहिनीनाथनं विचारलं.

"पायावर चढतंय, बाबा. लोकात लाज वाटती. लेक म्हनला, माजलंय, खच्ची करून आन."

"माज न्हाई तो. कुनी आलं की बारकी कुत्री हरखून तसं करत्यात. समद्यांच्याच पायावर चढतंय का?"

"न्हाई. एकट्या मालकाच्या. सांजच्याला शेतातून येऊन खुर्चीत बसले की."

"मंग मालकांनीच दटावावं की!"

"ते दिवाळीत वारले."

"मंग आता कुनाच्या पायावर चढतंय?"

"खुर्ची रिकामीच असती. सांज झाली की चिकू तितंच मागच्या पायावर उभं ऱ्हातंय. पुढचे पाय अधांतरी. पन पडत न्हाई."

गहिनीनाथनं शेळी जवळ ओढली.

"ऑपरेशन केल्यावर थांबल का रं हे?" चंद्रभागाबाईंनी त्याला विचारलं.

"थांबल बहुतेक."

तेवढ्यात कंपाउंडरनं चिकूचं नाव पुकारलं. चंद्रभागाबाई उठल्या आणि बाहेरच्या दाराकडं निघाल्या.

"मावशी, डॉक्टर आत हायेत! तिकडं कुटं?"

"घरी. हे थांबलं, तर ते आलेले मला कळायचं कसं?"