सकाळी आलेल्या मुली परत कशा जातात?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय दयानंदरावजी साहेब. व्यासपीठावरचे प्राचार्य महोदय आणि सन्माननीय पाहुणे. ज्यांच्या सेवापूर्तीसाठी आपण जमलो आहोत ते अर्थशास्त्राचे आमचे प्राध्यापक गुरुपादप्पा हलबुर्गे सर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आमच्या शरणम्माकाकू. समोरचे गुरुजन, पालक, आजी-माजी विद्यार्थी आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या पोरींनो, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या बसा. आज सर कुणाला प्रश्न विचारणार नाहीत. आज त्यांना गप्प बसायचं आहे, आणि ते त्यांना किती जड जातंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे.

मी उज्वला. याच महाविद्यालयात बी.ए. झाले. आता नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. सरांबद्दल बोलायला माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी या सभागृहात पुष्कळ आहेत. तरी मला बोलावलं, याबद्दल संयोजकांचे आधी आभार मानते.

सर शिकवायचे कसे? तुमच्यापैकी अनेकांनी ते सोसलेलं आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "अर्धापूरला केळीचा भाव पडला. का पडला?" आमच्या वर्गातला भागवत उठला आणि छातीठोकपणे म्हणाला, "वेपाऱ्यांचा डाव हाय सर!"

सर म्हणाले, "असेल. कशावरून?"

"सगळेच म्हनतेत की."

"सगळे म्हणतात, म्हणजे एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी ऐकलं, असंही असेल. दुसरं काही कारण असू शकतं का?"

भागवत खाली बसला. आम्ही हसलो. पण पुढच्या आठवड्यात तोच पठ्ठ्या अर्धापूरला आपल्या मावशीकडं जाऊन चौकशी करून आला. सगळ्यांचा माल एकदमच तोडणीला आला होता, आणि तिकडं उत्तरेत कडाक्याच्या थंडीमुळं मालाला उठावही नव्हता. "पन सर, डाव न्हाईच असं बी म्हनता येत न्हाई," असं त्यानं वर सांगितलं. त्या दिवशी सर जितके खूश झाले, तितके ते आमच्या निकालाच्या दिवशीही झाले नसतील.

आता मूळ गोष्टीकडे वळते. अध्यक्ष महोदय, ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. सांगू ना? साहेब हसले, म्हणजे परवानगी आहे.

तेव्हा महाविद्यालयाची एक बस आमच्या गावच्या रस्त्यानं यायची. माझे वडील शेषेराव यांनी मला कॉलेजात घातलं तेच एका अटीवर. "बस हाय तवर जा. जीपीत लोंबकळत जायचं न्हाई." आई तुळजाबाई मधे पडायची, पण या एका बाबतीत तिचं काही चालायचं नाही. त्यात बाबांची काळजी होती, हेही मला कळत होतं. रस्ता कसा होता आणि जीपमध्ये माणसं कशी कोंबायचे, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर सूचना लागली. आमच्या मार्गावरची बस बंद होणार, कारण विद्यार्थी तिचा वापर करत नाहीत. ज्या समितीनं ही शिफारस केली, तिच्यात हलबुर्गे सर होते.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि त्यांनी तेच उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलं, 'मागणी घटली, म्हणून पुरवठा थांबतो.' म्हणाले, "आपल्याच बसचं बघा."

मला फळा दिसेनासा झाला. माझं शिक्षण त्या एका ओळीत संपत होतं. मी वर्गात कधी बोललेली मुलगी नव्हते. पण हात वर गेला. कसा गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बोल उज्वला."

"सर, कशावरून?"

सर म्हणाले, "अगं, आम्ही पाहणी केली ना. संध्याकाळची बस जवळजवळ रिकामी जाते."

"आणि सकाळची सर?"

"सकाळची भरून येते."

"मग सकाळी आलेल्या मुली परत कशा जातात?"

सर फळ्याकडं वळले. मग त्यांनी खडू ठेवला, डस्टर घेतलं आणि स्वतःची ओळ स्वतःच्या हातानं पुसली. म्हणाले, "हा प्रश्न मी समितीत विचारायला पाहिजे होता. तिथं कुणालाच सुचला नाही. मलाही नाही."

झालं असं होतं, की त्या वर्षी वेळापत्रक बदललं होतं. शेवटचा तास लांबला आणि बस मात्र जुन्याच वेळेला सुटत राहिली. मुलींनी एक तर तास बुडवायचा, नाही तर बस सोडायची. काही जणी जीपनं जायच्या. मी आणि माझी शेजारीण आमच्या गावातल्या मलप्पामामांच्या संध्याकाळी परतणाऱ्या दुधाच्या टेम्पोत पुढं बसून जायचो. मामा घरचेच, म्हणून बाबांनी चालवून घेतलं होतं. पण टेम्पो सकाळी तांबडं फुटायच्या आत दूध घेऊन यायचा. येताना बसच लागायची.

मला वाटलं, आपण जिंकलो. पण सर कुठले एवढ्यावर सोडतात? मला म्हणाले, "तुझं तू सांगितलंस. बाकीच्यांचंही असंच आहे, हे कशावरून?" आणि सगळ्या वर्गाला चौकशीच्या कामाला लावलं.

आम्ही मुलींना भेटलो. बऱ्याच जणी म्हणाल्या, वेळ बदलली तर आम्ही बसनंच जाऊ. पण काही जणींनी वेगळंच सांगितलं. त्यांच्या वस्त्या फाट्यापासून आत होत्या. बस फाट्यावर सोडते, पुढं एकटीनं चालायचं. जीप निदान घराशी नेते. तेव्हा वेळ बदलली तरी त्या बसनं जाणार नव्हत्या.

भागवत म्हणाला, "सर, हे कशाला सांगायचं वर? आपलीच बाजू कमजोर हुईल."

सर म्हणाले, "जे आपल्या सोयीचं नाही, ते आधी सांगायचं. नाही तर मग आपण आणि अफवा उठवणारे, यांत फरक काय राहिला?"

संस्थेच्या बैठकीला आम्हा दोघा-तिघांना घेऊन सर गेले. बोलायला मला उभं केलं. मी अडखळत अडखळत, गैरसोयीचं आधी आणि सोयीचं नंतर, असं सगळं सांगितलं. अध्यक्ष साहेबांनी ऐकून घेतलं आणि सरांना विचारलं, "हलबुर्गे सर, बस बंद करा म्हणून तुम्हीच सही केलती की!"

"हाव साहेब," सर म्हणाले. "माझं चुकलं होतं. या मुलीनं विचारलं तेव्हा कळलं."

मित्रहो, मी घरात, गावात, नात्यागोत्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली होती. 'माझं चुकलं' असं त्यांतल्या कुणी एखाद्या पोरीकडं बोट दाखवून म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि साहेबांचाही मोठेपणा असा, की त्यांनी तिथल्या तिथं बसची वेळ बदलून वर्षअखेरपर्यंत चालवून बघायचं ठरवलं. बस चालली. शेवटची काही बाकं रिकामी राहायची, पण चालली.

त्या वर्षी उपप्राचार्यपदासाठी सरांचं नाव घेतलं जात होतं. ते पद सरांकडं आलं नाही. या बसच्या भानगडीमुळंच ते हुकलं, असं लोक बोलायचे. आम्ही हळहळत सरांकडं गेलो, तर सर म्हणाले, "कशावरून?"

पण सगळंच गोड झालं, असं सांगितलं तर सरांना आवडणार नाही. फाट्यापासून आतल्या वस्तीवर राहणारी आमची गौरम्मा त्याच वर्षी त्या एकटीच्या वाटेपायी शिक्षण सोडून घरी बसली. वर्गात ती माझ्याहून हुशार होती. सर आणि शरणम्माकाकू तिच्या घरी गेले. काकूंनी तिच्या आईशी कन्नडमधून बोलून पाहिलं. चहा मिळाला, मान मिळाला, पण होकार मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सर वर्गात एवढंच म्हणाले, "बसनं सगळ्यांचा प्रश्न सुटला नाही. हेही लक्षात ठेवा." आणि धडा सुरू केला. काकू, तुम्ही त्या उन्हात तिथवर चालत गेलात. आम्ही त्याबद्दल तुमचे कधी आभार मानलेच नाहीत. आज मानते.

मी पदवीधर झाले, नांदेडला पुढं शिकले, उभी राहिले. लोक विचारतात, सरांनी तुम्हाला काय दिलं? पुस्तकातलं अर्थशास्त्र मला दुसऱ्या कुणीही शिकवलं असतं. पण मोठ्या माणसासमोर उभं राहून, आवाज न चढवता, नेमकं विचारायचं आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरी ऐकायचं, हे मला सरांनी स्वतः हरून शिकवलं. सर, तुमचा हा उपकार फिटण्यासारखा नाही, आणि मला तो फेडायचाही नाही. तो असाच अंगावर राहू दे.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, प्राचार्यांनी अगत्यानं बोलावलं, आणि तुम्ही सगळ्यांनी जेवणाची वेळ टळून गेली तरी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द पुढं-मागं झाला असेल, तर तुमचीच लेक समजून पदरात घ्या.

एक शेवटची विनंती. माझे वडील आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. या महाविद्यालयाच्या आत ते आज पहिल्यांदाच आले. काल म्हणाले, "मला भाषन-बिषन येत न्हाई. पन तुझ्या सरांच्या डोक्याला फेटा मीच बांधनार." आणि येताना लातूरहून फेटा घेऊन आलेत.

या बाबा, वर या. सर, जरा मान खाली करता का? ते तुमच्यापेक्षा ठेंगणे आहेत.