नवी मुरुडशेंग

बाळगुटीची मुरुडशेंग हरवली म्हणून आवडाबाई सुनेला टाकून बोलल्या. ती बाळाला घेऊन बाळकुमला माहेरी गेली, त्याला आठ दिवस झाले. आज कल्याणात काष्ठौषधींच्या दुकानापुढे त्या उभ्या होत्या. पुढे एक सासू-सून बोलत होत्या.

“आत्याबाई, बाळाचं पोट मुरडत होतं. पाच वळसे उगाळली नि शेंग संपली हो.”

“मग डोळ्यांत पाणी कशाला?”

“तुमच्या सासूबाईंनी दिलेली ना ती.”

“अगं वेडे, उगाळायलाच दिलेली. अर्धी तुझ्या नवऱ्याच्याच पोटात गेलीय. घे, आता तुझ्या हातानं निवड.”

“तुम्हाला काय, आवडाबाई?” दुकानदारानं विचारलं.

“मुरुडशेंग. येऊरच्या रानातली, चांगली पिळदार. बघतोस काय? बाळकुमची गाडी चुकेल माझी!”