फुली मारलेला ड्रम

...आणि वर मलाच म्हणतो, "शेट, ड्रम गेला!" गेला? कुठे गेला? समोर तर पडलाय! मी संशयी नाही हो, तुम्हाला सांगतो, पण मेस्त्री ट्रकखालून बाहेर येऊन गंभीर चेहऱ्यानं मान हलवायला लागला ना, की माझा हात आपोआप खिशावर जातो...

म्हणाला, "ब्रेक मारून मारून चाकातला ड्रम आतून रुंद झालाय. किती झिजलेला चालतो तो आकडा ड्रमवरच ओतलेला असतो, आणि हे माझं माप, बघा. शिवाय या भेगा. नवाच घाला." आता मला सांगा, माप कुणाचं? त्याचं! धरलं कुणी? त्यानं! वाचलं कुणी? त्यानंच! म्हणजे वकीलही तोच, न्यायाधीशही तोच!

बरं, ट्रक चालवतो कोण, तर बायकोचा धाकटा भाऊ. तो म्हणतो, "भाऊजी, भरलेली गाडी उतारावर असते, मी ब्रेक दाबतो, आणि गाडी विचार करत बसते!" बायको लगेच, "माझा एकुलता एक भाऊ आहे हं!" म्हटलं, झालं, सगळे सामील! मी संशयी नाही हो, पण मेस्त्रीनं हाच ड्रम काळा रंग फासून परत बसवला तर? म्हणून त्याची पाठ वळताच छिन्नीनं कडेला बारीकशी फुली मारली. आणि तेवढ्यावर कुठला थांबतोय, ड्रम टेम्पोत घातला आणि स्वतः भंगारात देऊन आलो! बस आता बोंबलत!

नव्या ड्रमसाठी त्यानं दुकान सांगितलं. सांगितलं म्हणजे तिथं याचं काहीतरी असणारच! मी फिरकलोच नाही. गाडी उभी ठेवून गावभर हिंडलो, आणि शेवटी भंगारवाल्यानं सुचवलेल्या, त्याच्याच साडूच्या दुकानातून आणला... काळाकुळकुळीत, चकचकीत!

मेस्त्रीनं माप लावलं. "शेट, हा तर आधीच्याहून रुंद. भेगा घालवायला लेथवर घासलाय." मी उसळलोच! "नवा ड्रम दुकानातून येता येता झिजला का रे?" त्यानं पत्र्याच्या तुकड्यानं कडेचा रंग खरवडला...

फुली.

माझी! माझ्या हातची! जरा वाकडी, कारण घाईत मारली होती! मेहुणा एकदा फुलीकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. म्हणाला, "भाऊजी, हा घालून मला उतारावर पाठवणार होतात?"

मुकाट्यानं मेस्त्रीनं सांगितलेल्या दुकानातून नवा आणला, त्यानं मोजला, त्यानं बसवला. गाडी आता जिथल्या तिथं थांबते. जुना मात्र घरी आणला, पुन्हा कुणाच्या चाकात जायला नको. बायकोनं माती भरून त्यात झाड लावलंय, छान वाढतंय. आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी तिथं वाकतो... मी संशयी नाही हो, तुम्हाला सांगतो... फक्त फुली आहे ना, तेवढं बघतो!