सत्तेचाळीस का, माहीत नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

आज निवृत्त होणारे आपले काका लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितात. कॉलेजचं तोंडही न पाहता, पुस्तकं चाळून आणि हजारदा तोंडावर आपटून शिकले. मी डिग्रीवाला. त्यांनी लिहायचं आणि मी 'तपासलं' म्हणून सही करायची, अशी आमची एकोणीस वर्षं वाटणी होती. कष्ट कोणाचे जास्त, ते तुम्हीच ठरवा.

लिफ्टला ब्रेक किती आधी लावायचा, त्या ओळीत काकांनी एक आकडा घातला होता, सत्तेचाळीस. शेजारी टीप होती, "हा का, माहीत नाही. पण काढू नका." मी एकोणीस वर्षं काढला नाही. याला आमच्या खात्यात अनुभव म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी काका संध्याकाळच्या वर्गात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला बसले. पहिल्याच दिवशी काकांनी फळ्यावर लिहिलं, क्ष = क्ष + १. प्रोग्रॅममध्ये याचा अर्थ, क्ष एकाने वाढव. लेकीच्या वयाच्या बाई म्हणाल्या, "काका, असं कधीच होऊ शकत नाही." काका म्हणाले, "अहो बाई, माझं अख्खं घर यावर चाललंय!"

दुसऱ्या दिवशी हे ऐकून आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच. काकूंची तक्रार वेगळीच, "पेला पडला की हे त्याचा वेग काढत बसतात. उचलायचा मीच!"

गेल्या महिन्यात काका माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पांढराफटक. "साहेब, वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. मी दुप्पटच धरलंय. जुन्या लिफ्टमध्ये सत्तेचाळीसने सांभाळून घेतलं. रुग्णालयाची नवी लिफ्ट दुप्पट वेगाची आहे." उद्घाटनाला आठ दिवस होते. मी डिग्रीला जागून काय म्हणालो असेन? "एकोणीस वर्षं चाललंय ना? मग कशाला उगाच उकरून काढता?"

पहिल्यांदाच काका माझ्यावर ओरडले, "चाललं ते नशिबाने, साहेब!"

मग आम्ही वाळूची पोती भरून ती नवी लिफ्ट वर सोडली. थांबल्यावर मजल्यावरचं दार चावीने उघडलं, तर समोर छातीच्या उंचीवर लिफ्टचा तळ. पोत्यांच्या जागी स्ट्रेचरवरचं माणूस असतं तर? मंडळी, तो चौपटीचा नियम मी परीक्षेत लिहिला होता, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. मला लाज वाटली. अजून वाटते.

काकांनी चार दिवसांत ती ओळ नव्याने लिहिली. या वेळी सहीआधी मी ती समजून वाचली, काय सांगू, पहिल्यांदाच! सत्तेचाळीसच्या जागी सूत्र होतं आणि शेजारी नवी टीप, "हे असंच का? साहेबांना विचारा."

आता कोणी विचारलं तर? काका उद्यापासून कॉलेजात पहिल्या वर्षाला बसतायत. संध्याकाळच्या वर्गातला त्यांचा बाक रिकामा झालाय. सोमवारपासून तिथे मी नाव घातलंय.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. लिफ्टमध्ये चुकलेलं दिसलं तर मात्र पोटात घालू नका, तडक येऊन सांगा. या वेळी मी ऐकेन.