जग संपल्यावरचं शुद्ध मराठी

तुम्ही हसाल, पण एका सिनेमाचा शेवट मी बिघडवला होता. जग संपल्यानंतरची गोष्ट होती आणि शूटिंग नायगावच्या मिठागरात. पृथ्वीवर उरलेली शेवटची बाई खाडीकडे बघून एकच शब्द बोलते. ते काम केलं मिठागरात जन्म घालवलेल्या हिराबाईंनी. त्या म्हणाल्या, "पानी!"

मी भाषाशास्त्राचा डॉक्टर, भाषा तपासायला नेमलेला. "पाणीच हवं," म्हणून अडून बसलो. शेवटी दुसऱ्या बाईचा आवाज भरला. सिनेमा लागला, तेव्हा थिएटरातून बाहेर पडताना हिराबाईंनी विचारलं, "सर, तोंड माझं, मंग बोलली कोन?"

तेव्हापासून मला चैन नव्हतं. एवढं शिकून मला ऐकायलाच येत नाही की काय? सिनेमाची डीव्हीडी निघणार असं कळलं, तेव्हा मी दिग्दर्शकाला फोन लावला. "हिराबाईंचा आवाज परत घाला."

"सर, तुम्हीच तर अशुद्ध म्हणालात!"

"अहो, जग संपलंय. शुद्ध-अशुद्ध ठरवायला उरलंय कोण?"

तो टाळत राहिला, मी रोज फोन करत राहिलो.

अखेर डीव्हीडी आली. आम्ही हिराबाईंच्या घरी बघायला बसलो. टीव्हीवर त्या त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "पानी!" घरभर टाळ्या. मग नावं सरकू लागली. त्यांच्या सुनेनं मोठ्यानं वाचलं, "भाषाशुद्धी", आणि पुढे माझं नाव.

हिराबाई माझ्याकडे वळल्या. "मंग सर, तुमी यात केलं काय?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "पण त्यासाठी दोन महिने भांडावं लागलं."